चार बोटांची एक पट्टी

माझ्या डब्याला हात लावायचा नाही, हे जाई लग्न होऊन घरात आली त्याच दिवशी मी तिला सांगितलं. चूल तुझी, भांडी तुझी, माझ्या भिवाचं डोकं खायचं ते कामही आजपासून तुझं. डबा माझा.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणावर तांबडी फुली, आमच्या मालकांनी काढलेली. मालकांचं नाव बुधाजी, मिलच्या दवाखान्यात झाडू मारायला होते. झाडता झाडता कंपाउंडरच्या हाताकडं बघत राहिले आणि इतकं शिकले की पुढं पुढं कंपाउंडर बिडी ओढत बसायचा आणि पट्ट्या हे बांधायचे. घरी आले की माझ्या हातावर, पायावर पट्टी बांधून दाखवायचे. मला काही झालेलं नसायचं, हसू यायचं. पण त्यातूनच मी शिकले. ते गेले तेव्हा मागं राहिली घोडपदेवची एक खोली, एक पोरगा आणि हा डबा. मी मिलमध्ये कचरा कापूस निवडायला लागले आणि डबा चालू ठेवला.

मला वाचता येत नाही. सही येते, अंगठा मी कुणाला दिलेला नाही. बाटल्या मी रंगावरून ओळखायची. तपकिरी टिंचर, लागलं की बाप्या माणूससुद्धा आईला हाक मारतो. जांभळं औषध चिघळलेल्या जखमेला. भाजलं तर पिवळं मलम. निळ्या कागदात बोरिकचा कापूस, जाळीची पट्टी, गुंडाळीची पट्टी, एक कात्री. झाकणाच्या आतल्या अंगाला एक छापील कागद डकवलेला होता, कुठल्याशा मंडळानं मिलमध्ये वाटलेला. त्यावर काय लिहिलंय ते मी कधी विचारलं नाही. मालकांचे हात मी पाहिले होते, मला कागद कशाला?

आमची चाळ आमच्या लोकांची. समोरची मराठ्यांची. मध्ये एक गल्ली, एक गटार आणि दोन नळ. नळ दोन कशाला ते सांगत बसत नाही. मिलमध्येही तसंच. साचेखात्यात, म्हणजे मागावर, आमच्या माणसाला घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडानं ओढून काढावा लागतो, मग आमच्या तोंडाचा धोटा त्यांच्या तोंडाला कसा चालायचा? पण कापलं, खरचटलं, भाजलं की समोरची चाळ गटार ओलांडून यायची आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून हात पुढं करायची.

एकदा समोरच्या राधाबाईचा अंगठा विळीनं कापला. धुवायला मी माझ्या माठातलं उकळून गार केलेलं पाणी घेतलं. तिनं हात मागं ओढला.

"थांबा मीराबाई. पानी घरनं आनते. औशदाचं काय न्हाय ओ, औशद सायबाचं. पानी तेवढं..."

"आणा," मी म्हटलं.

ती गेली आणि आली. जाता-येता गल्लीभर तिच्या रक्ताचे थेंब पडले होते. मी पट्टी चांगली घट्ट बांधली आणि त्या दिवसापासून नियम मीच केला. माझ्या दारात येणाऱ्यानं पाणी आपलं आपण आणायचं. कुणी विसरून आलं तर परत पाठवायची.

"आत्याबाई, रगात वाहतंय," जाई म्हणायची.

"वाहू दे. रगात त्यांचं, पाणी त्यांचं."

राधाबाईची सून दुर्गा. मिलमध्ये वाईंडिंगला होती. बॉबिनवर सूत चढताना तुटलं की तिथल्या तिथं गाठ मारायची, हे त्या खात्यातलं बाईचं काम. दुर्गाची गाठ बघायला मुकादम उभा राहायचा. अंगठा आणि दोन बोटं, पापणी लवायच्या आत गाठ, आणि सुतावर हात फिरवला तर कुठं मारली ते कळायचं नाही. तिचा नवरा गणपत साचेवाला, पण छातीनं खचलेला. आठवड्यातले तीन दिवस खोकत घरी. ते घर दुर्गाच्या बोटांवर चाललंय हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, एक राधाबाई सोडून.

छप्पन्न सालची संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि सगळा गिरणगाव रस्त्यावर आला. मिल बंद, दुकानं बंद. लाठ्या, दगड, गोळ्या. ज्याला लागलं तो इस्पितळात जायला भ्यायचा, तिथं पोलीस नाव लिहून घेत. मग लोक माझ्या दारात. दोन दिवसांत डबा निम्मा रिकामा झाला. पाण्याचा नियम त्या दोन दिवसांतही मी मोडला नाही. डोकं फुटलेली माणसं एका हातानं डोकं धरून आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन उभी असायची.

तिसऱ्या दिवशी संचारबंदी लागली. दुपारी थोडा वेळ पाणी यायचं, तेवढ्यात बायका पळत जाऊन हंडे भरून आणायच्या. मी चुलीपुढं होते. जाई भाकरीचं पीठ मळत होती. तिचा तीन महिन्यांचा पोरगा दाराजवळ झोळीत झोपलेला. भिवा दोन दिवस घरी आलाच नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी आवाज झाला. मग फरशीवरून पत्र्याचं काही घरंगळत आल्यासारखं वाजलं आणि आमचा उंबरा ओलांडून ते आत आलं. पोलिसांच्या अश्रुधुराचं नळकांडं. झोळीच्या बरोबर खाली येऊन थांबलं आणि फुसफुसत धूर ओकायला लागलं. माझे डोळे मिटले ते उघडेनात. जाईचे हात पिठात. पोर खोकायला लागलं, मग त्याचा आवाजच येईना.

मला दिसली ती एक हिरवी साडी. दुर्गा त्यांच्या नळावर होती, हंडा टाकून ती आत आली. सात वर्षं ती समोर राहत होती, आमचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता. वाकली, उजव्या हातानं ते नळकांडं मुठीत धरलं आणि दाराबाहेर गटारात भिरकावलं. ते इतकं तापलेलं असेल हे तिला ठाऊक नव्हतं. ओरडली नाही. नुसता हात समोर धरून उभी राहिली. तळहाताची आणि बोटांची कातडी त्या पत्र्याबरोबर गटारात गेली होती.

बुटांचे आवाज आले. जाईनं दार लावलं, कडी घातली, पोराला झोळीतून काढून पोटाशी धरलं. पोरानं श्वास घेतला आणि रडायला लागला. मग आम्ही श्वास घेतला.

दुर्गा भिंतीला टेकून खाली बसली. तोंड पांढरं पडलेलं.

"पानी," म्हणाली.

"माझ्या माठातलं?"

असं विचारायची ती वेळ नव्हती. माझ्या नातवासाठी जळून बसली होती बाई. पण वेळ बघून थांबेल ते माझं तोंड कसलं?

तिनं माझ्याकडं बघितलं. "व्हय," म्हणाली. "तुमच्याच."

जाईनं तांब्या तिच्या तोंडाला लावला. ती घटाघट प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, चोळीत उतरलं. मी ते प्यायलेलं पाणी बघत राहिले, खोटं कशाला सांगू. मला बरं वाटत होतं.

मग डबा काढला. हात धुतला माझ्याच पाण्यानं. मलम लावलं. जाळी उरली होती वीतभर, गुंडाळीची पट्टी एकच. तळहातावर जाळी ठेवली, चारी बोटं जवळ घेतली आणि वरून पट्टी फिरवायला लागले. जाई पोराला मांडीवर घेऊन डब्यापाशी बसली होती. झाकण उघडं. ती तिसरी शिकलेली. बोट ठेवून हळूहळू वाचत होती.

"आत्याबाई," म्हणाली, "हितं लिवलंय, बोटं येगयेगळी गुंडाळायची. मधी जाळी घालायची. न्हायतर चिकटत्यात."

माझे हात चालूच. "वाच अजून. भाकरी कशी थापायची तेबी लिवलं आसंल."

"खरंच लिवलंय. पट्टी कमी पडत आसंल तर माझं पांढरं पातळ हाय. फाडून उकळून देते."

"जाई. तुझा सासरा कागद वाचून शिकला न्हवता. मी त्याच्या हाताकडं बघून शिकले. झाकण लाव."

तिनं झाकण लावलं.

आता सांगायला बसलेय तर सगळं सांगते. मालकांनी एकदा माझी बोटं बांधून दाखवली होती. एकेक करून, वेगळी वेगळी. मी तेव्हा हसत होते, माझं ध्यान त्यांच्या तोंडाकडं होतं. पण जाईनं वाचलं तेव्हा मला ते आठवलं. करंगळीवर पट्टी फिरवताना ते कसे जीभ दातात धरायचे तेसुद्धा आठवलं. हात थांबायला पाहिजे होता. पण समोर मराठ्याची सून बसली होती, आणि तिच्यादेखत माझी सून मला शिकवत होती. मी पट्टी आणखी एक वेढा फिरवली आणि गाठ मारली.

दुर्गा डोळे मिटून बसली होती.

तीन दिवस ती आमच्या घरात राहिली. गल्लीत पोलीस, दार उघडायची सोय नव्हती. डाव्या हातानं भाकरी खायची, तुकडा मोडता यायचा नाही म्हणून जाई मोडून द्यायची. हात ठणकायचा तेव्हा गुडघ्यात तोंड घालून बसायची, ठणका उतरला की बोलायला लागायची. मला 'मीराबाई' म्हणत होती ती दुसऱ्या दिवशी 'मावशी' म्हणायला लागली.

"आत्ती आता मला गोमूत्रात बुडवून काडनार," म्हणाली. "हंड्यात मावंन का वो मी, मावशी?"

"हंडा कशाला? गाईलाच आणून बांधतील तुझ्या उशाला."

हसली. मग जाईला म्हणाली, "हात बरा झाला की तुला वाईंडिंगची गाठ शिकिवते. येकदा आली की झोपंतबी मारशील." डाव्या हातानं दोरा घेऊन तिनं दाखवून बघितलं. जमलं नाही. "ह्या हाताला आक्कल न्हाय," म्हणाली. "सगळी त्या हातात हाय."

संचारबंदी सैल झाली तशी राधाबाई गटाराच्या पलीकडं येऊन उभी राहिली. माझ्याकडं बघितलं नाही. "दुर्गे, चल," एवढंच.

मी उंबऱ्यातून म्हटलं, "उद्याच्याला पट्टी सोडायची आहे. मला बोलवा."

राधाबाई चालायला लागली. दुर्गानं वळून मान हलवली.

बोलावणं आलं नाही. मीही गेले नाही. बोलावलं तर जाईन, न बोलावता गटार ओलांडायला मी काय त्यांची बलुतेदारीण आहे? जाई रोज सकाळी भाकरी थापता थापता म्हणायची, "आत्याबाई, पट्टी सोडायला झाली." मी मिलला निघायची. मध्ये पंधरा पावलं होती. मी मोजलेली आहेत, नंतर.

नवव्या दिवशी हाताला वास यायला लागला म्हणून गणपत तिला इस्पितळात घेऊन गेला. पट्टी कातडीत रुतली होती, तासभर भिजवून सोडवावी लागली. खाली चार बोटं राहिली नव्हती. एक झालं होतं, चार नखांचं. डॉक्टर म्हणाला, भाजल्यानं एवढं झालं नसतं, हे बांधल्यानं झालंय. कोणी बांधलं?

"मीच बांदलं," दुर्गा म्हणाली. "डाव्या हातानं."

हे गणपतनं भिवाला सांगितलं आणि भिवानं जेवताना मला. घास माझ्या हातातच राहिला. जाई भाकरी परतत होती. तिनं मान वर केली नाही.

डॉक्टरनं दोनदा कापून बोटं सोडवली. दोन्ही वेळा ती परत चिकटली आणि आत वळली. दुर्गा मिलमध्ये गेली तेव्हा मुकादमानं तिला तिच्या जागेवर उभं केलं, चांगला माणूस होता. मी त्या दिवशी कचऱ्याची पाटी पोचवायला त्या खात्यात गेले होते. सूत तुटलं. दुर्गानं अंगठा पुढं नेला, त्याला भेटायला पलीकडून कुणी आलं नाही. डाव्या हातानं धरून बघितलं, दातात धरून बघितलं. बाजूच्या बायका आपापल्या सुताकडं बघत राहिल्या. सूत तुटत गेलं आणि बॉबिना रिकाम्या फिरत राहिल्या. मी पाटी तिथंच ठेवून बाहेर आले.

पुढं ती गिरणीवाल्यांचे जेवणाचे डबे पोचवायला लागली. डोक्यावर पाटी, पाटीत वीस-पंचवीस डबे, घोडपदेवहून करी रोडपर्यंत उन्हातान्हात. तो वळलेला हात पाटीच्या काठाला आकड्यासारखा लावायची. त्या कामाला तो बरा पडतो, म्हणायची. रस्त्यात दिसली की पाटी असो नसो, थांबायची. "मावशी, बरं हाय न्हवं? नातू काय म्हनतोय?" आणि बरोबरच्या बायकांना सांगायची, "ह्या मीराबाई. तवा ह्यांनी मला घरात घेतलं म्हनून वाचले."

हे मी चार वर्षं ऐकलं. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मधल्या काळात आम्ही बौद्ध झालो, घरातले देव काढून पाण्यात सोडले. देव काढायला मला वेळ लागला नाही, पण तो डबा फळीवरून काढायला लागायचा. भाजलेलं माणूस दारात आलं की म्हणायची, इस्पितळात जा. आणि पाण्याचा नियम मोडला. विचारलं न सांगितलं, माझंच पाणी घ्यायची, आणि कुणी हात मागं ओढत नव्हतं.

जाई त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते, आणि भांडणात मी कधी हरलेली नाही. म्हणूनच बोलली नाही की काय, कोण जाणे.

साठ साली महाराष्ट्र झाला. पहिल्या मेच्या चार दिवस आधी चाळीच्या समितीचा रामदास दारात आला. आत येऊन बसला, चहा मागून घेतला.

"मीराबाई, गल्लीत कार्यक्रम हाय. तुमचा सत्कार ठरलाय."

"कशाचा? माझ्या तोंडाचा?"

"त्याचाबी करू पुढच्या साली," तो म्हणाला. "छप्पन्न साली जखमींना तुम्ही बांधलंत. शाल आणि नारळ."

"देव मी काढलेत. नारळ आता चटणीला."

"चटणी करा. पण नारळ दुर्गाबाई देणार. तिनंच तुमचं नाव घातलं. म्हणाली, तो मान माझा."

तो गेल्यावर पदर डोक्यावर घेतला आणि गटार ओलांडलं. पंधरा पावलं.

राधाबाई दारात बसली होती. डोळ्यांत फूल पडलेलं, दिसत नव्हतं.

"कोन?"

"मीरा. समोरची."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग आत तोंड करून म्हणाली, "दुर्गे, बाई आल्यात. पानी दे."

दुर्गा रिकाम्या डब्यांची पाटी उतरवत होती. डाव्या हातानं तांब्या-भांडं घेऊन आली. मी ते खाली ठेवलं.

"मी सत्काराला येणार नाही," मी म्हटलं. "आणि तू लोकांना सांगतेस ते बंद कर. तुझा हात मी घालवला. जाईनं कागद वाचला होता, बोटं वेगळी बांधायची म्हणून. मी ऐकलं नाही. मला ठाऊक होतं, तरी ऐकलं नाही."

आयुष्यात मी इतकं थोडक्यात कधी बोलले नव्हते. दुर्गा खाली बसली. पदरानं मान पुसली.

"ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"जाईनं वाचलं ते. हात भाजला हुता मावशी. कान न्हवते भाजले."

मी पुढं सरकले. "मग बोलली का नाहीस? तेव्हाच म्हणायचं होतंस, वेगळी बांधा."

"काय म्हननार?" ती आपल्या हाताकडं बघत होती. "सात वर्सं तुमच्या उंबऱ्याभाईर हुबी ऱ्हायले. तुमी पानी आना म्हनायचा, मी घरनं पानी आनायची. त्या दिशी पयल्यांदा आत आले. तुमचं पानी प्याले. आनि लगीच तुमच्याच घरात बसून, तुमच्या सुनंसमोर, तुमाला चुकलं म्हनू? मला वाटलं, आज आपन गप ऱ्हावं. बोटं काय, सुटतील."

दारातून राधाबाई खोकली. ऐकत होती ती.

"राग येतो," दुर्गा म्हणाली. "येत न्हाय आसं न्हाय. कुटं सूत दिसलं की येतो. परवा येका पोरीच्या झग्याचा धागा सुटला हुता, तो बगूनबी आला. पर तो तुमचा का माझा, ते काय उमगत न्हाय." तिनं भांडं माझ्याकडं सरकवलं. "पानी घ्या. आनि नारळ मीच देनार. तेवढा मान ऱ्हाऊं द्या माझ्या हाताला."

मी पाणी प्यायले.

पहिल्या मेला गल्लीत पताका लावल्या, गटारावर फळ्या टाकून त्यावर सतरंजी घातली. दोन्ही चाळी एका सतरंजीवर बसल्या. भाषणं झाली. माझं नाव घेतलं तेव्हा मी उठले. मागं जाई नातवाचा हात धरून उभी होती. तिच्याकडं बघायला पाहिजे होतं, झालं नाही माझ्यानं.

दुर्गा पुढं आली. नारळ तिनं उजव्या हातावर आणला होता. चार बोटं एकात एक जाऊन आत वळलेली, मध्ये खोलगट खळगा. नारळ त्या खळग्यात बरोबर बसला होता, डावा हात लावायची गरज पडली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी दोन्ही हात पुढं केले. नारळ घेताना माझी बोटं तिच्या बोटांवरून फिरली. गुळगुळीत कातडी होती, फक्त मध्ये मध्ये बारीक चौकडी हाताला लागली. मी बांधलेल्या पट्टीची वीण होती ती, अजून तशीच उमटलेली.